व्हॅनिलाच्या वेलीला फळ आणणारा मुलगा

वेल लावणाऱ्या माणसाने थांबायला शिकले पाहिजे, हे आपल्या घरातल्या बायकांना कोणी सांगायला नको. जाईचे रोप लावले की पहिले वर्ष ते मुळे धरण्यात घालवते, दुसऱ्या वर्षी अंग धरते, आणि मग कधीतरी एखाद्या संध्याकाळी पहिली कळी दिसते. कोकणातल्या कुंपणांवर मोरवेल पसरते. तिच्याच कुळातल्या मोठ्या निळ्या-जांभळ्या फुलांच्या वेली थंड देशांतले लोक हौसेने भिंतीवर चढवतात आणि दोन-तीन वर्षे बहराची वाट पाहतात. फूल आले की श्रम फिटले.

आपल्या शेजारच्या बेटावर मात्र एका वेलीने लोकांना वीस वर्षे वाट पाहायला लावली. तिला फुले येत, आणि दुपारपर्यंत कोमेजून जात. फळ म्हणून धरत नसे. ही वेल व्हॅनिलाची, आणि ते बेट म्हणजे रियुनियन, जे त्या काळी बुर्बों या नावाने ओळखले जाई. ज्याने ही वाट संपवली तो बारा वर्षांचा एक गुलाम मुलगा होता. आज जगात कुठेही खरी व्हॅनिला पिकते तेव्हा बहुतेक सगळी त्याच्याच हातोटीने पिकते. त्याची हकीकत आपल्या मुलांना माहीत असावी असे वाटते, कारण आपण त्याच्यापासून फक्त सव्वादोनशे किलोमीटरवर राहतो.

व्हॅनिला मूळची मेक्सिकोची. ती ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या कुळातली आहे. या कुळात हजारो जाती आहेत, सगळ्या फुलांसाठी प्रसिद्ध. पण फळासाठी मोठ्या प्रमाणावर जिची शेती होते अशी ही एकटीच म्हणायला हरकत नाही. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरचे तोतोनाक लोक तिच्या शेंगा फार पूर्वीपासून वापरत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्या युरोपात नेल्या. तेव्हापासून तीनशे वर्षे युरोपातल्या श्रीमंतांच्या चॉकलेटात पडणारी व्हॅनिला मेक्सिकोतूनच येत असे. वेलीच्या कांड्या बाहेर नेण्यात मोठी अडचण नव्हती. कांड्या नेल्या, त्या रुजल्या, फुलल्याही. शेंगा मात्र आल्या नाहीत.

याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. व्हॅनिलाच्या एकाच फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात आणि ते एकमेकांच्या अगदी जवळ असतात. पण त्या दोहोंच्या मध्ये एक लहानसा पातळ पडदा असतो. जणू एकाच घरातल्या दोन खोल्या आणि मधले दार बंद. हे दार उघडण्याचे काम मेक्सिकोच्या रानातल्या नांगी नसलेल्या लहान मधमाश्या करतात, असे दीर्घकाळ मानले गेले आहे. त्या माश्या काही बोटीत बसून वेलीबरोबर गेल्या नाहीत.

बुर्बों बेटावर पहिली रोपे 1819 साली आली. फिलिबेर नावाच्या कप्तानाने ती दक्षिण अमेरिकेतील कायेनहून आणली, आणि पुढच्याच वर्षी फिलिपाइन्समधून आणखी काही आणली. 1822 मध्ये मार्शां या गृहस्थाने पॅरिसच्या वनस्पती उद्यानातून कांड्या आणल्या, आणि बेटावर जी वेल टिकली व पसरली ती मुख्यतः या कांड्यांची. त्या काळी बेटावरच्या जमीनदारांना नव्या पिकाची गरज होती. शतकाच्या आरंभी मोठ्या वादळांनी कॉफीच्या आणि लवंगेच्या बागा झोपवल्या होत्या, आणि जिकडेतिकडे ऊस येऊ लागला होता. वादळाने बाग जाणे म्हणजे काय, हे मॉरिशसमधल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा हौशी लोकांनी व्हॅनिलाच्या कांड्या नेऊन घराशेजारच्या झाडांवर चढवल्या. वेली वाढल्या. फुलल्या. वर्षे गेली. हळूहळू लोकांनी शेंगांची आशा सोडली आणि ती शोभेची वेल समजून राहू दिली.

अशीच एक वेल बेटाच्या ईशान्य भागात, सेंत-सुझान गावाजवळच्या बेलव्यू या मळ्यात होती. मळा फेरेओल बेलिए-बोमों यांचा. त्यांना झाडापेडांचा नाद होता आणि वनस्पतिशास्त्राची पुस्तकी माहितीही चांगली होती.

याच सेंत-सुझानमध्ये 1829 साली एदमोंचा जन्म झाला. त्याची आई मेलीझ गुलाम होती आणि ती त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. वडिलांचे नाव पांफील. आई गुलाम म्हणून मूल गुलाम, असा त्या वेळचा कायदा. मुलाला आडनाव नव्हते, कारण गुलामाला आडनाव ठेवायची पद्धतच नव्हती. कायद्याने त्याची मालकी फेरेओल यांच्या बहिणीकडे, एल्वीर यांच्याकडे होती. त्यांनी हे आईवेगळे पोर भावाकडे सोपवले.

फेरेओल यांनी मुलाला जीव लावला, असे त्यांच्याच लिखाणावरून दिसते. सकाळी ते बागेत फिरायला निघाले की एदमों त्यांच्या पायात पायात असे. कुठल्या झाडाला काय म्हणतात, पान कसे ओळखावे, फुलात कोणता भाग कशासाठी असतो, हे सगळे मुलाने चालता चालता ऐकले. वनस्पतींची लॅटिन नावेसुद्धा तो घडाघड सांगत असे म्हणतात. पण त्याला लिहायला-वाचायला कोणी शिकवले नाही. या गोष्टीवर थोडे थांबावेसे वाटते. ज्या माणसाने मुलाला फुलाचे पुंकेसर आणि स्त्रीकेसर दाखवले, त्याच माणसाला त्याच्या हातात पाटी द्यावीशी वाटली नाही. फेरेओल दुष्ट नव्हते; पुढे आपण पाहू की ते त्यांच्या वर्गातल्या पुष्कळांपेक्षा सच्चे निघाले. पण गुलाम मुलाला शाळेत घालायचे नसते, हे त्या समाजात इतके ठरून गेले होते की चांगल्या माणसालाही त्यात काही खटकत नसे.

तरी शिकवण्याची त्यांची एक रीत मात्र आम्हा शिक्षकांनी पाहण्यासारखी आहे. त्यांच्या बागेत भोपळ्याच्या कुळातली एक वेल होती. या जातीत नर फुले एका वेलीवर आणि मादी फुले दुसऱ्या वेलीवर येतात. फेरेओल यांनी एदमोंला नर फुलातील पराग मादी फुलावर कसा लावायचा हे हाताने करून दाखवले, आणि मग त्याच्याकडून करून घेतले. फूल म्हणजे नुसती शोभा नव्हे, त्यात फळाची तयारी असते, आणि ती तयारी माणसाच्या बोटांनीही पुरी करता येते, एवढी एक गोष्ट मुलाच्या डोक्यात पक्की बसली. पाठ एका फुलाचा होता. त्याने तो दुसऱ्या फुलाला लावून पाहिला.

1841 सालची गोष्ट. फेरेओल एके दिवशी एदमोंला बरोबर घेऊन बागेत हिंडत होते. व्हॅनिलाच्या वेलीपाशी आले आणि थबकले. वीस वर्षे वांझ राहिलेल्या त्या वेलीवर एक हिरवी शेंग लोंबत होती. त्यांना आश्चर्य वाटले आणि ते त्यांनी मुलाला बोलून दाखवले. मुलगा म्हणाला की हे फूल मीच फळवले. फेरेओल यांचा विश्वास बसला नाही. बारा वर्षांचे पोर काहीतरी बोलते आहे, असे समजून ते पुढे गेले. दोन-तीन दिवसांनी पाहतात तर त्याच वेलीवर दुसरी शेंग. आता मात्र त्यांनी मुलाला बोलावून विचारले, कसे केलेस ते माझ्यासमोर करून दाखव.

एदमोंने जे करून दाखवले ते आजही जसेच्या तसे चालते, म्हणून जरा सविस्तर सांगते. व्हॅनिलाचे फूल फिकट पिवळसर हिरवे असते. त्याची एक पाकळी नळीसारखी गुंडाळलेली असते आणि वर सांगितलेले दोन्ही भाग त्या नळीत दडलेले असतात. एदमोंने डाव्या हातात फूल धरले, बांबूच्या बारीक कामटीने ती नळी बाजूला सारली, आणि कामटीच्याच टोकाने मधला पडदा हळूच वर उचलला. दार उघडले. मग अंगठ्याने वरचा परागाचा गोळा खाली हलकेच दाबला, की तो थेट मादी भागावर जाऊन चिकटला. कामटी काढून घेतली. झाले. सवयीच्या हाताला याला काही क्षण पुरतात.

फूल खरेच फळले की नाही हे कळायलाही फार थांबावे लागत नाही. न फळलेले फूल एक-दोन दिवसांत गळून पडते. फळलेले फूल सुकते, पण देठाला धरून राहते, आणि त्याच्या मागचा देठ लांबायला लागतो. तोच पुढे शेंग होतो.

या क्रियेला रियुनियनच्या लोकांनी फार गोड नाव दिले: व्हॅनिलाचे लग्न. ते काम बहुतेक बायका करतात, आणि त्यांना लग्न लावणाऱ्या असे म्हणतात. सराईत बाई एका सकाळी हजाराच्या वर फुलांची लग्ने लावते. कोणताही भटजी इतक्या वेगाने मंगलाष्टके म्हणू शकणार नाही.

फेरेओल यांनी हे गुपित दडवून ठेवले असते तर काही वर्षे तरी एकट्याने पैसा केला असता. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी इतर जमीनदारांना कळवले, आणि मग मळ्यामळ्यातून एदमोंला बोलावणे येऊ लागले. त्याला न्यायला गाडी येई. तो जाऊन तिथल्या गुलामांना फुलांची लग्ने लावायला शिकवी. विचार करून पाहा, ज्याला बेटावरच्या कोणत्याही शाळेत बसायला जागा नव्हती तो मुलगा गावोगाव शिकवत फिरत होता, आणि त्याचे विद्यार्थी त्याच्या बापाच्या वयाचे होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. व्हॅनिलाचे फूल हाताने फळवणारा एदमों जगातला पहिला माणूस नव्हता. बेल्जियममधील लिएज येथे शार्ल मोरेन या प्राध्यापकांनी 1836 साली काचघरातल्या वेलीवर शेंगा आणल्या होत्या. पॅरिसच्या वनस्पती उद्यानात नॉयमान यांनीही 1838 च्या सुमारास तेच साधले होते. पण त्यांची रीत शास्त्रज्ञाच्या टेबलावरची होती. तिने बेटांवरचा एकही मळा पिकला नाही. एदमोंला मोरेनचे नाव कळण्याचा संभवच नव्हता. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी शोधले, आणि जे शोधले ते इतके सोपे, इतके झटपट होते की कोणाही शेतमजुराला एका सकाळी शिकता यावे. म्हणूनच जगाने त्याची रीत उचलली.

शेंग धरली म्हणजे सुगंध आला असे मात्र नाही. हिरव्या शेंगेला वासच नसतो. ती वेलीवर आठ-नऊ महिने राहते, मग तोडून गरम पाण्यात काही मिनिटे बुडवतात, लोकरीच्या कांबळ्यात गुंडाळून घाम आणतात, रोज थोडे ऊन देतात, नंतर सावलीत वाळवतात आणि शेवटी लाकडी पेट्यांत महिनोन्महिने मुरत ठेवतात. गरम पाण्याची ही पद्धत शेजारच्याच सेंत-आंद्रे भागातील ल्युपी आणि द फ्लोरी यांनी 1850 च्या सुमारास बसवली. म्हणजे कांडी लावल्यापासून फूल यायला सुमारे तीन वर्षे, फुलापासून शेंग पिकायला पाऊण वर्ष, आणि शेंगेपासून सुगंधाला आणखी कित्येक महिने. आमच्या ओळखीच्या एका आजींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या की लोणचे बरे.

पुढे 1848 साल उजाडले. फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि नव्या सरकारने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. बुर्बों बेटाचे नाव रियुनियन झाले. 20 डिसेंबर 1848 या दिवशी सरकारी आयुक्त सार्दा गारिगा यांच्या जाहीरनाम्याने तेथील सुमारे साठ हजार गुलाम मोकळे झाले. हा दिवस त्या बेटावर आजही सुट्टीचा असतो. आपल्याकडे ही गोष्ट 1835 मध्येच घडली होती, आणि त्याच सुमारास उसाच्या शेतांसाठी हिंदुस्थानातून करारावर माणसे आणायला सुरुवात झाली. आपले पूर्वज रत्नागिरीकडून येथे आले ते याच कारणाने. गुलाम सुटला म्हणून मजूर हवा झाला. हा धागा लक्षात ठेवला तर एदमोंची गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही.

मोकळे झालेल्या प्रत्येकाला आडनाव द्यायचे होते. एदमोंच्या नावापुढे आल्बियस असे लिहिले गेले. लॅटिनमध्ये याचा संबंध पांढऱ्या रंगाशी आहे. कोणी म्हणतात व्हॅनिलाच्या फिकट फुलावरून हे नाव दिले, कोणी म्हणतात काळ्या माणसाची ती थट्टा होती. काही असो, एकोणिसाव्या वर्षी ते स्वतंत्र नागरिक झाले. येथून पुढे त्यांना अहो-जाहो करणे योग्य होईल.

स्वातंत्र्य मिळाले, पण हातात काही नव्हते. 1849 च्या फ्रेंच कायद्याने गुलाम गमावल्याबद्दल मालकांना भरपाई दिली. गुलामांना त्यांच्या गेलेल्या वर्षांबद्दल काही मिळाले नाही. मॉरिशसमध्येही इंग्रज सरकारने भरपाई मालकांनाच दिली होती. एदमों बेलव्यू सोडून राजधानी सेंत-दनी येथे गेले आणि एका लष्करी अधिकाऱ्याकडे स्वयंपाकघरात कामाला राहिले. ज्याच्या बोटांनी बेटाला नवे पीक दिले ती बोटे आता भांडी घासत होती. आणि इथेच घात झाला. दागिन्यांच्या एका चोरीच्या प्रकरणात ते सापडले आणि त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली.

त्यांच्या चरित्राचा हा भाग काही लेखक गाळतात. तो गाळू नये असे मला वाटते. चोरीत त्यांचा हात किती होता हे आज ठरवत बसण्यात अर्थ नाही. पण बेटाचा त्यांच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन त्यातून स्वच्छ दिसतो. सेंत-सुझानचे न्यायाधीश मेझिएर लेपेरवांश यांनी गव्हर्नरकडे दयेचा अर्ज केला. या माणसामुळे वसाहतीला व्हॅनिलाचे उत्पन्न मिळाले आहे, त्याच्याशी आपण असे वागू नये, असा त्याचा आशय होता. सुमारे तीन वर्षांनंतर एदमोंना सोडण्यात आले. ते सेंत-सुझानला परतले, बेलव्यूच्याच परिसरात राहिले आणि त्यांनी लग्न केले.

याच काळात त्यांच्यावर दुसरे संकट आले, आणि माझ्या मते ते तुरुंगापेक्षा वाईट होते. त्यांचा शोधच त्यांच्याकडून काढून घेण्याचा प्रयत्न झाला. सेंत-दनी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे संचालक रिशार हे नाव असलेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी असे सांगायला सुरुवात केली की ही रीत आपणच 1838 मध्ये बेटावरच्या काही मंडळींना दाखवली होती, आणि त्या मुलाने ती तेव्हा पाहिली असावी. एका बाजूला सरकारी शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला निरक्षर आणि शिक्षा भोगून आलेला माजी गुलाम. लोक कोणावर विश्वास ठेवणार?

अशा वेळी फेरेओल बेलिए-बोमों उठले. रिशार त्यांचे जुने स्नेही होते, तरीही त्यांनी 1860 नंतरच्या वर्षांत बेटाचा इतिहास लिहिणारे वोल्सी फोकार यांना पत्राने सगळी हकीकत कळवली. त्यांचे म्हणणे साधे होते. रिशार यांनी जर ही रीत दाखवली होती, तर ती दुसऱ्या कोणालाच कशी ठाऊक नव्हती? ठाऊक असती तर ठिकठिकाणच्या मळ्यांतून एदमोंला बोलावून नेण्याची गरज कशाला पडली असती? मित्राला खोटारडे न म्हणता, त्यांना वयामुळे किंवा अन्य काही कारणाने तसा भास होत असावा, अशा सभ्य भाषेत त्यांनी विषय मिटवला. पण मुलाचे श्रेय मुलालाच, यावर ते ठाम राहिले. मघाशी पाटी न देणारे म्हणून त्यांना बोल लावला होता. या पत्रासाठी त्यांचे ऋणही मानले पाहिजे. ते लिहिले गेले नसते तर आज आपण रिशारचे नाव घेत बसलो असतो.

1863 च्या सुमारास आंत्वान रुसें या चित्रकाराने रियुनियनवरील आपल्या चित्रसंग्रहात एदमोंचे चित्र छापले. तिशी ओलांडलेला माणूस, अंगात कोट, आणि जवळ व्हॅनिलाची वेल. इतिहासाने त्यांचा चेहरा राखला तो या चित्रामुळे. त्यांच्या बरोबरीच्या साठ हजारांपैकी कितीजणांचे चेहरे आपल्याला माहीत आहेत?

त्या सुमारास बेटावर काय चालले होते ते आकड्यांत पाहू. 1848 मध्ये रियुनियनहून फ्रान्सला सुमारे 50 किलो व्हॅनिला गेली होती. दहा वर्षांनी ती दोन टनांवर गेली, 1867 मध्ये वीस टनांवर, आणि शतक संपता संपता दोनशे टनांवर. मेक्सिको मागे पडला. फिलाओच्या आणि वाक्वाच्या झाडांवर वेली चढवलेले मळे बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पसरले. चोरांच्या भीतीने मळेवाले कोवळ्या शेंगेवर टाचणीने आपली खूण टोचून ठेवत, म्हणजे शेंग वाळली तरी खूण राहावी. या सगळ्या पैशातून एदमोंना काय मिळाले? त्यांना सरकारने काही वार्षिक मदत द्यावी म्हणून विनंती झाली होती. तिचे उत्तर आले नाही.

9 ऑगस्ट 1880 रोजी सेंत-सुझानच्या इस्पितळात, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, एदमों आल्बियस वारले. दोन-अडीच आठवड्यांनी बेटावरच्या एका वर्तमानपत्राने बातमी दिली. वसाहतीला एवढा लाभ करून देणारा माणूस अत्यंत दारिद्र्यात गेला, अशी खंत त्यात होती. खंत खरी असेल. ती छापण्यासाठी माणूस मरेपर्यंत थांबले एवढेच.

त्यांची विद्या मात्र बेटाबाहेर गेली होती. रियुनियनच्या मळेवाल्यांनी वेल आणि तिचे लग्न दोन्ही मादागास्करला नेले, आणि आज जगात सर्वांत जास्त व्हॅनिला तेथेच पिकते. हिंदी महासागरातल्या या बेटांच्या व्हॅनिलाला बाजारात अजून बुर्बों व्हॅनिला म्हणतात. बेटाचे ते नाव पुसले गेले त्याला पावणेदोनशे वर्षे झाली, शेंगेवर मात्र ते राहिले. मॉरिशसमध्येही एकोणिसाव्या शतकात व्हॅनिलाची लागवड होती, आणि दक्षिणेकडे सेंत-ओबें येथे गेलेल्या वाचकांनी ती वेल पाहिली असेल. 1874 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलाचा मुख्य सुगंध प्रयोगशाळेत बनवला, त्यामुळे दुकानातल्या स्वस्त आइस्क्रीममध्ये बहुधा वेलीचा अंशही नसतो. तरी खऱ्या शेंगेची किंमत उतरलेली नाही, कारण तिच्या प्रत्येक फुलामागे अजूनही माणसाचा अंगठा लागतो. यंत्राला ते काम साधलेले नाही.

सेंत-सुझानमध्ये आता एदमोंचे स्मारक आहे. ल पोर गावच्या एका माध्यमिक शाळेला त्यांचे नाव दिले आहे. तिथे पाटी-पुस्तकाला कोणाची मनाई नाही.

आपल्यापैकी काहींच्या अंगणात कोणी दिलेली व्हॅनिलाची कांडी आंब्यावर किंवा वाक्वावर चढलेली आहे, आणि शेंग येत नाही अशी तक्रार ऐकू येते. त्यांच्यासाठी थोडे सांगून हा लेख पुरा करते. वेल फार उंच जाऊ देऊ नका. वाढेल तशी खाली वळवून घ्या, म्हणजे फूल हाताशी येईल. सप्टेंबरपासून वर्ष संपेपर्यंत रोज सकाळी पाहत जा. एका घोसात पंधरा-वीस कळ्या असल्या तरी दिवसाला एखाद-दुसरीच उमलते, आणि दुपारी ते फूल गेलेच म्हणून समजा. तेव्हा सकाळी नऊ-दहाच्या आत बारीक कामटी किंवा लिंबाचा काटा घेऊन जा, पडदा उचला, अंगठ्याने दाबा. एका घोसात आठ-दहा फुलांपेक्षा जास्त फळवू नका, वेल थकते. मुलांना बरोबर घ्या. त्यांची बोटे लहान असतात आणि त्यांना हे आपल्यापेक्षा लवकर जमते.